ऋतूंची वही कशी ठेवावी

लहानपणी उन्हाळा संपता संपत नसे, आणि आता ऋतू कधी पालटला ते कळतसुद्धा नाही. ही रड माझीही होती. त्यावर मी एक वही घातली आहे. डाव्या पानावर तेव्हाचा उन्हाळा, उजव्या पानावर आत्ताचा.

सुरुवात उजव्या पानापासून करा. ऊन आत येणारी एक खिडकी निवडा. दर आठवड्याला ठरल्या वारी, ठरल्या वेळी गजाची सावली जमिनीवर कुठे पडते ते पाहून रेघ मारा आणि शेजारी तारीख घाला. फरशी पुसली जाते, म्हणून मी कागदी चिकटपट्टीवर मारते. मार्च आणि सप्टेंबरात या रेघा ऐसपैस अंतर ठेवतात. २१ जून किंवा २१-२२ डिसेंबर जवळ आला की एकमेकींना खेटू लागतात. पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभर उत्तर-दक्षिण सरकतो आणि दोन्ही टोकांशी रेंगाळतो. ते रेंगाळणं जमिनीवर दिसतं.

खाली ‘पहिलं’ असा रकाना आखा: पहिलं फूल, पहिली पालवी, पहिली सर. इंग्लंडात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये अशाच नोंदी सुरू केल्या, त्या घराण्यानं १९५८ पर्यंत चालवल्या. तारीख आणि घटना, बास. वर्णन नको.

डावं पान जरा छळतं. ‘काय दिवस होते ते!’ असं काही उमटलं की खोडा. अंगाला काय लागलं ते लिहा. तापलेल्या पायरीवर आधी टाच टेकवायचात की चवडा? फोटोत पाहिलेलं किंवा मोठ्यांकडून ऐकलेलं कंसात टाका. बरंच कंसात जाईल, जाऊ द्या.

पाऊस पडून मातीचा वास सुटला की हातातलं काम टाकून हेच पान उघडा. मातीतले जिवाणू बनवतात त्या जिओस्मिनचा त्यात मोठा वाटा असतो. मेंदूत वासाची वाट भावना आणि स्मृतीच्या भागांना अगदी लागून जाते. पण नाक वासाला चटकन सरावतं, तेव्हा चहा नंतर.

भावंडं असतील तर त्यांच्याकडून वेगळ्या कागदावर लिहून घ्या, आपलं पान न दाखवता. माझ्या डाव्या पानावर दुपारभर खडखडणारा पंखा आहे. भाऊ म्हणतो, त्या खोलीत पंखा नव्हताच.