काउंटीच्या झोनिंगमध्ये या चुका टाळा

अमेरिकेत नॉर्दर्न व्हर्जिनियात घर घेताना आपली मंडळी शाळेचं रेटिंग बघतात, मेट्रो किती लांब आहे ते बघतात, इंडियन ग्रोसरीही बघतात. झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येतं याचा, नकाशा मात्र कोणी उघडत नाही. मग एके दिवशी घरामागे क्रेन दिसते आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर आरडाओरडा सुरू होतो. बहुतेक वेळा तोवर उशीर झालेला असतो. इथे तुम्ही काय बोललात यापेक्षा कधी आणि कोणापुढे बोललात याला जास्त किंमत आहे.

पत्त्यावरून काउंटी ओळखणे

पोस्टाच्या पत्त्यात 'अलेक्झांड्रिया' किंवा 'फॉल्स चर्च' असलं तरी घर फेअरफॅक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) असू शकतं. व्हर्जिनियात शहरं काउंटीच्या बाहेर, स्वतंत्र असतात. फेअरफॅक्स शहरसुद्धा फेअरफॅक्स काउंटीचा भाग नाही. उलट हर्नडन, व्हिएन्ना, लीसबर्ग ही टाउन्स काउंटीत असूनही त्यांचं झोनिंग त्यांचं स्वतःचं. न्यू जर्सीहून आलेल्यांचा गोंधळ आणखी वेगळा, कारण तिथे झोनिंग टाउनशिपच्या हातात असतं. चुकीच्या कचेरीत अर्ज दिला की काही आठवडे सहज जातात.

'मागे झाडीच आहे' यावर विश्वास ठेवणे

एजंट हे वाक्य हमखास टाकतो. त्याला विचारा, त्या प्लॉटवर 'बाय-राइट' काय बांधता येतं? बाय-राइट म्हणजे नियमात बसलं की सुनावणी नाही, मतदान नाही, थेट परवानगी. लाउडन काउंटीत काही झोनमध्ये डेटा सेंटर असंच उभं राहत असे. मार्च 2025 मध्ये बोर्ड ऑफ सुपरवायझर्सनी, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाने, ती सोय काढली आणि प्रत्येक नवा प्रस्ताव बोर्डापुढे आणणं सक्तीचं केलं. तोवर शेजाऱ्यांनी कितीही सह्या गोळा केल्या तरी बोर्डाच्या हातात फारसं काही नव्हतं.

'कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅन'लाच झोनिंग समजणारेही खूप. तो प्लॅन दिशा दाखवतो. बांधकामाचा हक्क झोनिंग ठरवतं. दोन्ही बघा, आणि जुन्या रिझोनिंगच्या, म्हणजे जमिनीचा झोन बदलण्याच्या, वेळी बिल्डरने काही 'प्रॉफर', म्हणजे लेखी हमी दिल्या असतील तर त्याही मागून घ्या. त्या जमिनीला चिकटतात, मालक बदलला तरी सुटत नाहीत.

सुनावणीला नुसतं भाषण करणे

फेअरफॅक्समध्ये बोर्डापुढे एका माणसाला तीन मिनिटं मिळतात. त्यात दोन मिनिटं 'आम्ही किती वर्षं इथे राहतो' यावर घालवू नका. प्लॅनिंग कमिशन फक्त शिफारस करतं, निर्णय बोर्डाचा असतो. पण स्टाफ रिपोर्ट (काउंटीच्या अधिकाऱ्यांचा प्रस्तावावरचा अहवाल) आणि कमिशनची सुनावणी या टप्प्यांवरच अटी घालून घेता येतात. बोर्डाच्या रात्री बहुतेकांचं मत ठरलेलं असतं.

खरी मेख प्रक्रियेत असते. प्रिन्स विल्यम काउंटीतलं 'डिजिटल गेटवे' घ्या: मनॅससच्या, अमेरिकन यादवी युद्धातल्या, रणभूमीलगत 2,100 एकरांहून जास्त जमीन आणि 37पर्यंत डेटा सेंटर्स. डिसेंबर 2023 मध्ये सुमारे 27 तास बैठक चालली, लोक रात्रभर बोलले, आणि रिझोनिंग तरीही मंजूर झालं. ऑगस्ट 2025 मध्ये सर्किट कोर्टाने ते रद्द ठरवलं ते सुनावणीची जाहीर नोटीस कायद्यानुसार छापली नव्हती म्हणून. पुढे अपील झालंच. फेअरफॅक्सची तर अख्खी नवी झोनिंग संहिता मार्च 2023 मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण 2021 मध्ये कोविडकाळात ती ऑनलाइन बैठकीत मंजूर केली होती. मे महिन्यात काउंटीने तीच रीतसर पुन्हा मंजूर केली. म्हणून नोटिशीचा फोटो आणि तारीख जपून ठेवा. बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जायला 30 दिवस असतात आणि झोनिंग अॅडमिनिस्ट्रेटरच्या निर्णयावर अपिलालाही तेवढेच. आपल्याकडे महाराष्ट्रात डीपीवर, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यावर, हरकत नोंदवायलाही साधारण एवढीच मुदत असते, पण तिथे मुदतवाढीची सवय लागलेली असते. इथे ती आशा धरू नका.

आई-बाबांसाठी बेसमेंटमध्ये शेगडी बसवणे

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार, सोवळं-ओवळं किंवा निदान फोडणीचा वास वेगळा राहावा, म्हणून खाली ओटा, सिंक आणि शेगडी. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, 'सगळे करतात.' काउंटीच्या नजरेत मात्र वेगळं दार, न्हाणीघर आणि पूर्ण स्वयंपाकघर जमलं की तो दुसरा राहता गाळा होऊ शकतो. फेअरफॅक्समध्ये मर्यादेत बसणाऱ्या अशा गाळ्याला सुनावणीशिवाय परवाना मिळतो, पण मालकाने तिथेच राहायला हवं. आधी घेतलात तर फॉर्म भरायचं काम. घर विकताना उघडकीस आलं तर शेगडी काढण्यापासून सुरुवात.

एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, मंजुरी आणि काउंटीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी. एकीने दुसरी मिळत नाही. शेडला बिल्डिंग परमिट लागत नसलं तरी हद्दीपासूनचं अंतर पाळावंच लागतं. 'शेजाऱ्याने केलंय' हे कारण तर कोणी ऐकतच नाही, त्याचं बांधकाम नियम बदलण्याआधीचं असू शकतं.

आणि मागे ओढा असेल तर डेकचं कोटेशन मागवायच्या आधी काउंटीच्या नकाशावर चेसापीक बे कायद्याखालची 100 फुटांची संरक्षित पट्टी कुठवर येते ते पाहा. त्या पट्टीत झाड तोडायलाही विचारावं लागतं.