वेवोस रांचेरोस: सालसा पाणचट व्हायचा, तो असा सुधारला

मेक्सिकोत शेतावर राबणाऱ्यांची ही न्याहारी: मक्याचा तोर्तिया (पातळ पोळी), त्यावर अंडं, वर तिखट सालसा, म्हणजे टोमॅटो-मिरचीची चटणी. माझा सालसा दोनदा फसला. कच्चे टोमॅटो वाटून उकळले, तर रंग फिकट गुलाबी, चव आंबट-कच्ची आणि खालचा तोर्तिया भिजून लगदा.

तिसऱ्यांदा तेल न घालता लोखंडी तव्यावर 4 टोमॅटो, 2 हिरव्या मिरच्या, अर्धा कांदा आणि सालीसकट 3 लसूण पाकळ्या भाजल्या. टोमॅटोची साल काळी पडून फुटेपर्यंत थांबायचं, इथे घाई नको. मग लसूण सोलून सगळं जाडसर वाटलं आणि चमचाभर कडकडीत तेलात ओतलं. चर्र आवाज आलाच पाहिजे! 7-8 मिनिटांत सालसा गडद, दाट झाला. चमचा फिरवला की कढईचा तळ दिसायला लागला. खरी चव या परतण्यात आहे.

तोर्तिया गरम तेलात दोन्ही बाजूंनी काही सेकंदच तळला, म्हणजे भिजत नाही. मक्याची भाकरी त्याजागी चालत नाही, कारण तोर्तियाचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असतो, वासच निराळा. अंड्याचा पिवळा बलक मात्र वाहताच ठेवा, तिखटाला तोच सांभाळतो.