चाइल्ड स्पॉन्सरशिप: संस्थेच्या कार्यकर्त्यांनो, पालकसभेत आणि फाइलमध्ये या चुका टाळा

‘तुमचं लेकरू परदेशातल्या एका बाईंनी दत्तक घेतलंय’ असं पालकसभेत सांगू नका. बीड-लातूरकडे हे ऐकलं की आजीला धास्ती, लेकराला नेणार. बापाला वाटतं, शिक्षणापासून लग्नापर्यंतची चिंता मिटली. दत्तकविधान ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या प्रक्रियेने होतं आणि त्यात पालकत्व बदलतं. स्पॉन्सरशिपमध्ये ते बदलत नाही. सरळ सांगावं: प्रायोजक संस्थेला ठरावीक रक्कम देतो, लेकरू तुमचंच आणि तुमच्याच घरी.

पुढचा प्रश्न ठरलेला, ‘खात्यात किती येणार?’ इथे सरकारी बालसंगोपन योजनेशी गल्लत होते. तिथे बालकल्याण समितीच्या आदेशानंतर दरमहा 2,250 रुपये खात्यावर येतात. परदेशी प्रायोजकांचा पैसा मात्र बऱ्याच संस्था एकत्र करून शिकवणी, आरोग्य तपासणी, पाणी अशा कामांवर खर्च करतात. आपली संस्था कोणत्या पद्धतीने चालते ते नावनोंदणीच्या आधीच सांगा. ‘गिफ्ट मनी’, म्हणजे प्रायोजकाने भेट म्हणून पाठवलेला पैसा, वेगळा. तो त्याच लेकरासाठी. दुकानाची पावती, वस्तूसोबतचा फोटो, पालकाची सही किंवा अंगठा आणि आभारपत्र एकदमच फाइलला लावा, मागाहून गोळा होत नाही.

सगळ्यात जास्त घोळ ‘डिपार्चर’चा, म्हणजे लेकरू कार्यक्रमातून कमी होण्याचा. दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. वार्षिक प्रगती अहवालाचा फोटो काढायला कार्यकर्ता डिसेंबरात जातो तेव्हा घराला कुलूप. तो ‘गैरहजर’ लिहितो, कार्यालय केस बंद करतं, आणि उन्हाळ्यात लेकरू परत येतं तेव्हा त्याची जागा गेलेली असते. घरच्यांनी मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) घेतल्याचं कळलं की लगेच विचारा: कारखाना कोणता, मुकादमाचा नंबर काय, लेकरू फडावर जाणार, आजीकडे राहणार की हंगामी वसतिगृहात? फोटो, उंची, वजन त्याच आठवड्यात उरका. नोंदीत ‘तात्पुरतं स्थलांतर’ आणि परतीचा अंदाजे महिना लिहा. ‘डिपार्चर’ हा शब्द कुटुंबाने कायमचं गाव सोडलं, मुलीचं लग्न लावलं किंवा वय पूर्ण झालं तरच. अठराच्या आत लग्न ठरल्याचं कानावर आलं, तर फॉर्म बाजूला ठेवा आणि आधी 1098 या चाइल्डलाइनला फोन करा.

केस नंबर प्रत्येक कागदावर हवाच. नाव आणि जन्मतारखेवर विसंबू नका. शाळेत 1 जून ही तारीख लावलेली लेकरं एकाच गावात अनेक सापडतात आणि एकाचं वाढदिवसाचं कार्ड दुसऱ्याच्या हाती पडतं.

पत्रांचं म्हणाल तर फळ्यावरून उतरवून घेतलेली पत्रं प्रायोजक लगेच ओळखतो. येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात भज्जी-आंबील कुणी वाढली, ज्वारीत पाखरं कोण हाकतं, एवढं विचारलं तरी पानभर मजकूर होतो. पत्ता, फोन नंबर, पैशाची मागणी मात्र त्यात नको. प्रायोजकाने फेसबुकवरून थेट संपर्क साधला तर उत्तर न देता कार्यालयाला कळवा.

‘पार्टनर संस्था’ हा शब्दही जपून वापरा. परदेशी देणग्यांच्या एफसीआरए कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीपासून एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, दुसरीची नोंदणी असली तरीही. परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते आणि प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे मोठी संस्था ‘आमच्या खात्यातून वळवतो’ म्हणाली तरी करारावर सही करू नका.