पॅसिफिकमधील दूरस्थ बेटांची तुलना करताना या चुका टाळा

पिटकेर्न, टोकेलाऊ, नियुए, कुक बेटे, वालिस व फुतुना, अमेरिकन सामोआ ही नावे एकाखाली एक लिहिली आणि समोर क्षेत्रफळ, लोकसंख्या, चलन, दरडोई उत्पन्न असे रकाने आखले, की तुलना पूर्ण झाली असे वाटते. असे तक्ते अभ्यासाच्या टिपणांत नेहमी आढळतात. त्यांतले आकडे बहुधा बरोबर असतात. चूक होते ती ते आकडे एकमेकांशेजारी बसवताना. या बेटांची अर्थव्यवस्था किनाऱ्यापाशी संपत नाही. ती वेलिंग्टन, पॅरिस, लंडन किंवा वॉशिंग्टनपर्यंत पोचलेली असते, आणि ज्या व्यवस्थेने ती तिथे जोडलेली आहे, त्या व्यवस्थेचे स्वरूप प्रत्येक बेटाच्या बाबतीत वेगळे असते. ती व्यवस्था आणि बेटाची भूरचना न पाहता केलेली तुलना नेमकी कुठे फसते, हे पुढे मांडले आहे.

राजकीय दर्जा गृहीत धरणे

या सगळ्यांना सरसकट ‘परकीय अंकित प्रदेश’ म्हणणे ही पहिली चूक. संयुक्त राष्ट्रांच्या अस्वशासित प्रदेशांच्या यादीत पॅसिफिकमधील सहा नावे आहेत : अमेरिकन सामोआ, फ्रेंच पॉलिनेशिया, ग्वाम, न्यू कॅलिडोनिया, पिटकेर्न आणि टोकेलाऊ. वालिस व फुतुना या यादीत नाही, जरी १९६१ पासून तो फ्रान्सचाच सागरपार प्रदेश आहे. कुक बेटे १९६५ साली आणि नियुए १९७४ साली न्यूझीलंडशी ‘मुक्त सहयोग’ (स्वतःचा कारभार स्वतः पाहून मोठ्या देशाशी स्वेच्छेने जोडलेले राहणे) या नात्याने स्वशासित झाली. तेथील रहिवासी न्यूझीलंडचे नागरिक असले, तरी ही दोन्ही बेटे स्वतःचे परराष्ट्रसंबंध ठेवतात. भारताने २०१४ साली फिजीची राजधानी सुवा येथे सुरू केलेल्या पॅसिफिक बेटांसोबतच्या सहकार्य मंचात चौदा देश आहेत. त्यांत कुक बेटे आणि नियुए आहेत, टोकेलाऊ आणि पिटकेर्न नाहीत. आपल्या परराष्ट्र धोरणाने केलेला हा भेद आपल्या टिपणांतही दिसला पाहिजे.

अमेरिकेच्या प्रदेशांमध्येही फरक आहेत. ग्वाम किंवा नॉर्दर्न मेरियाना येथे जन्मलेली व्यक्ती अमेरिकेची नागरिक असते, तर अमेरिकन सामोआत जन्मलेली व्यक्ती केवळ जन्मामुळे ‘नागरिक’ ठरत नाही. तिला अमेरिकेची ‘राष्ट्रीय’ असा वेगळा दर्जा मिळतो. स्थलांतर, मतदान आणि नोकरी या सर्वांवर दर्जाचा परिणाम होतो. म्हणून तक्त्यातला पहिला रकाना क्षेत्रफळाचा न ठेवता राजकीय दर्जाचा ठेवावा, आणि तो दर्जा कोणत्या वर्षापासूनचा आहे हेही लिहावे. नॉरफोक बेटाला ऑस्ट्रेलियाने १९७९ साली दिलेले मर्यादित स्वशासन २०१५ च्या कायद्याने संपवले. जुन्या पुस्तकातून उतरवलेला दर्जा असा सहज चुकतो.

जमिनीचे क्षेत्रफळ पाहून बेट ‘मोठे’ किंवा ‘लहान’ ठरवणे

पिटकेर्न द्वीपसमूहाचे क्षेत्रफळ सुमारे ४७ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या पन्नासच्या आसपास. या दोन आकड्यांवरून घनता काढली, तर चौरस किलोमीटरमागे जेमतेम एक माणूस येतो. परंतु या समूहात चार बेटे आहेत आणि वस्ती फक्त पिटकेर्न या एकाच बेटावर आहे, ज्याचे क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरपेक्षाही थोडे कमी आहे. उरलेल्या जमिनीतला मोठा वाटा निर्मनुष्य हेंडरसन बेटाचा आहे. घनता काढण्याआधी वस्ती असलेली जमीन वेगळी करावी, म्हणजे ही चूक होणार नाही.

याच्या नेमकी उलट चूक समुद्राच्या बाबतीत होते. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र लक्षात घेतले, तर अवघ्या दहा-बारा चौरस किलोमीटर जमिनीच्या टोकेलाऊकडे सुमारे ३ लाख १९ हजार चौरस किलोमीटर समुद्र आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या क्षेत्रफळापेक्षाही किंचित जास्त. पिटकेर्नकडे तर त्याच्या अडीचपटीहून अधिक, ८ लाख ३० हजार चौरस किलोमीटरच्या पुढे समुद्र आहे. हे आकडे थक्क करणारे आहेत, आणि म्हणूनच ते पाहून ‘ज्याचा समुद्र मोठा, त्याचे उत्पन्न मोठे’ असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे. टोकेलाऊ विषुववृत्ताच्या दक्षिणेस आठ ते दहा अंशांवर, टूना मासे विपुल असलेल्या उष्ण पाण्यात आहे. टूना मासेमारीसाठी एकत्र आलेल्या नाउरू करारातील पॅसिफिक देशांनी आखलेल्या व्यवस्थेत मासेमारी जहाजांना ‘जहाज-दिवस’ (एका जहाजाने एक दिवस मासेमारी करण्याचा हक्क) विकले जातात आणि टोकेलाऊ त्या व्यवस्थेत सहभागी आहे. पिटकेर्न २५ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. तिथे हा व्यवसाय कधी बहरला नाही, आणि २०१६ पासून त्याचे जवळजवळ संपूर्ण सागरी क्षेत्र व्यावसायिक मासेमारीस बंद असलेले संरक्षित क्षेत्र आहे. एकाच रकान्यातला आकडा एका ठिकाणी तिजोरीचा आधार आहे आणि दुसऱ्या ठिकाणी जतन केलेली ठेव आहे. सागरी क्षेत्राच्या आकड्याजवळ त्या समुद्रात काय करण्यास परवानगी आहे, हे एका वाक्यात तरी लिहावेच.

सर्व बेटे एकाच मातीची समजणे

भूगोलाचा सर्वांत समृद्ध भाग हाच आहे आणि तुलना करताना नेमका हाच भाग सर्वाधिक गाळला जातो. ज्वालामुखीजन्य उंच बेट, कंकणद्वीप (मधल्या उथळ पाण्याभोवती कड्यासारखी पसरलेली सखल प्रवाळ बेटे) आणि समुद्रातून वर उचलले गेलेले प्रवाळद्वीप हे तीन प्रकार पाणी, शेती, बंदर आणि वादळ या चारही बाबतींत निरनिराळे वागतात.

कुक बेटांपैकी रारोटोंगा हे उंच बेट आहे. तेथील ते मांगा शिखर सुमारे ६५० मीटर उंच असल्याने डोंगरावर पाऊस अडतो, ओढे वाहतात आणि पायथ्याला सुपीक पट्टा तयार होतो. टोकेलाऊची आताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो ही तिन्ही कंकणद्वीपे समुद्रसपाटीपासून साधारण पाच मीटरच उंच आहेत. तिथे नदी नाही, खोल माती नाही. पिण्याचे पाणी प्रामुख्याने छपरांवरून टाक्यांत साठवलेले पावसाचेच असते. नारळ, ब्रेडफ्रूट आणि मासे यांच्यावर उभी असलेली ही जीवनपद्धती ‘मागासलेली शेती’ या शीर्षकाखाली टाकणे अन्यायाचे आहे, कारण त्या भूमीत याहून निराळी शेती फारशी शक्यच नाही.

नियुए या दोहोंपेक्षा वेगळे आहे. सुमारे २६० चौरस किलोमीटरचा हा एकच मोठा, उचललेला प्रवाळखडक आहे. त्याच्या सच्छिद्र चुनखडीत पाणी मुरते, त्यामुळे पृष्ठभागावर ओढा दिसत नाही, पण भूगर्भात गोड्या पाण्याचा साठा असतो. भोवती कडे असल्यामुळे सुरक्षित नैसर्गिक बंदर नाही. उंचीमुळे समुद्रपातळी वाढण्याचा धोका कंकणद्वीपांच्या मानाने कमी, म्हणून नियुए सुरक्षित असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु जानेवारी २००४ मध्ये आलेल्या हेटा चक्रीवादळाच्या लाटांनी राजधानी अलोफी येथील कड्यावर चढून रुग्णालयासह मोठी वित्तहानी केली होती.

एकाच प्रदेशात दोन प्रकार असले, तर प्रदेशाची सरासरी काढू नये. वालिसभोवती प्रवाळभिंत आणि लगून (भिंतीच्या आतले उथळ, शांत समुद्राचे पाणी) आहे, त्याची सर्वोच्च टेकडी दीडशे मीटरच्या आसपास आहे; तिथून सुमारे २३० किलोमीटर दूर असलेले फुतुना पाचशे मीटरहून उंच, तीव्र उतारांचे आणि लगून नसलेले आहे. कुक बेटांचा उत्तर गट सखल कंकणद्वीपांचा आहे, दक्षिणेतील रारोटोंगावर मात्र देशाची बहुसंख्य लोकसंख्या आणि पर्यटनाचा मोठा व्यवसाय आहे. ‘कुक बेटांचे दरडोई उत्पन्न’ हा आकडा व्यवहारात रारोटोंगाचा असतो. उत्तर गटातील पेनरिन किंवा पुकापुका येथील कुटुंबाविषयी तो फार थोडे सांगतो.

अंतर किलोमीटरमध्ये मोजणे

दूरस्थपणा नकाशावर पट्टी ठेवून मोजता येत नाही. ऑकलंडपासून नियुए सुमारे २,४०० किलोमीटरवर असले तरी थेट विमानाने साडेतीन तासांच्या आसपास पोचता येते. टोकेलाऊ सामोआपासून पाचशे किलोमीटरवर आहे, पण विमानतळ नसल्यामुळे सामोआची राजधानी अपिया येथून जहाजाने एक दिवस किंवा त्याहून अधिक लागतो, आणि जहाज प्रवाळभिंतीबाहेर थांबवून माणसे व माल लहान होड्यांतून उतरवावा लागतो. पिटकेर्नला जाण्यासाठी आधी फ्रेंच पॉलिनेशियातील मांगारेवा गाठावे लागते आणि तिथून पुढे समुद्रावर दीड-दोन दिवस काढावे लागतात. किलोमीटरऐवजी प्रवासाचे साधन, लागणारा वेळ आणि फेऱ्यांची वारंवारता लिहावी. वस्तूंच्या किमती, आजारी माणसाला हलवण्याची सोय आणि पर्यटनाची मर्यादा या तिन्हींचा उलगडा त्यातून होतो.

दरडोई उत्पन्नाचा एकच आकडा उतरवणे

सर्वांत मोठी गफलत इथे होते. टोकेलाऊच्या नावापुढे १९९३ सालचा अंदाज म्हणून दरडोई सुमारे एक हजार डॉलर हा आकडा अनेक वर्षे जगभरच्या याद्यांमध्ये फिरत राहिला आणि त्यावरून टोकेलाऊ ‘जगातील सर्वांत गरीब’ ठरले. आकडा कोणत्या वर्षाचा आहे हे पाहणे ही पहिली दक्षता. पण ताजा आकडा मिळाला तरी अडचण संपत नाही, कारण हा मापदंड इथे कसा वागतो हे समजून घ्यावे लागते.

सरकारी सेवेचे मूल्य स्थूल देशांतर्गत उत्पन्नात खर्चाइतके धरले जाते. न्यूझीलंडच्या अनुदानातून टोकेलाऊमधील शिक्षिकेला पगार दिला, तर तो पगार टोकेलाऊच्या उत्पादनात मोजला जातो. वालिस व फुतुना येथे तर पगारी नोकऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक सार्वजनिक क्षेत्रात आहेत. अशा ठिकाणी अनुदान वाढले की उत्पन्न वाढलेले दिसते. याउलट परदेशी जहाजांकडून मिळणारे मासेमारी परवान्यांचे शुल्क देशांतर्गत उत्पन्नात येत नाही. ते राष्ट्रीय उत्पन्नात येते. परदेशी नातेवाइकांनी पाठवलेले पैसे या दोहोंतही नसतात. तक्त्यात केवळ देशांतर्गत उत्पन्नाचा रकाना ठेवला, तर टोकेलाऊची सर्वांत महत्त्वाची स्वतःची कमाईच बाहेर राहते. स्थूल राष्ट्रीय उत्पन्न, अनुदान आणि बाहेरून येणारा पैसा असे तीन रकाने वेगळे ठेवणे हा यावर सरळ उपाय आहे. जेफ बर्ट्रम आणि रे वॉटर्स यांनी १९८५ साली कुक बेटे, नियुए, टोकेलाऊ, किरिबाटी आणि टुवालू यांच्या अभ्यासातून स्थलांतर, परदेशातून येणारा पैसा, अनुदान आणि नोकरशाही या चार खांबांचे ‘मिराब’ (या चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून) प्रारूप मांडले. ते सर्वत्र लागू होत नाही, पण यांपैकी कोणता खांब कुठे भक्कम आहे हे तपासण्यासाठी आजही उपयोगी पडते.

चलनाकडेही लक्ष द्यावे. फ्रेंच प्रदेशांतील पॅसिफिक फ्रँक युरोशी बांधलेला आहे, १,००० फ्रँक म्हणजे ८.३८ युरो. २०१४ च्या तुलनेत २०१५ मध्ये युरोचे डॉलरमधील सरासरी मूल्य सुमारे एक षष्ठांशाने घसरले. त्या दोन वर्षांचे डॉलरमधील आकडे शेजारी ठेवले, तर न्यू कॅलिडोनिया आणि फ्रेंच पॉलिनेशियाची अर्थव्यवस्था कोसळली असे दिसेल, जे खरे नव्हते. काळातील बदल पाहायचा असेल तर स्थानिक चलनातच पाहावा.

निर्यातीचा आकडाही असाच फसवतो. अमेरिकन सामोआची निर्यात जवळजवळ पूर्णपणे डबाबंद टूनाची आहे. पागो पागो येथील कारखान्यात येणारा मासा बराचसा बाहेरून आणलेला असतो, त्यामुळे निर्यातीच्या मोठ्या रकमेतील थोडाच भाग बेटावर उरतो. तरीही तो कारखाना अत्यंत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे महत्त्व निर्यातीच्या रकमेऐवजी रोजगाराच्या आकड्यातून दाखवणे योग्य ठरेल.

सोयीचे वर्ष निवडणे

लहान अर्थव्यवस्थेत एखादी घटना सर्व आकडे उलटेपालटे करते. नॉर्दर्न मेरियानामधील सायपानवर कपडे शिवणारे कारखाने एके काळी अर्थव्यवस्थेचा कणा होते. २००५ मध्ये जागतिक वस्त्रव्यापारातील कोटा (देशनिहाय आयात-मर्यादा) संपल्यावर ते एकामागून एक बंद झाले आणि २००९ मध्ये शेवटचा कारखाना थांबला. पुढे कॅसिनोच्या बांधकामामुळे २०१६ साली वाढीचा दर २५ टक्क्यांच्या वर गेला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये युटू चक्रीवादळ आले. कुक बेटांना १ जानेवारी २०२० पासून उच्च उत्पन्न गटात धरून विकास-साहाय्यास पात्र देशांच्या यादीतून वगळण्यात आले, आणि काही आठवड्यांतच महासाथीने पर्यटन बंद पाडले. एका वर्षाऐवजी किमान दहा वर्षांचा पट मांडावा आणि त्यातील वादळे, कारखाने व विमानसेवा यांची नोंद सोबत ठेवावी.

बेटावर राहणारेच मोजणे

नियुएवर दीड-दोन हजार लोक राहतात, तर न्यूझीलंडमध्ये नियुएचे मूळ सांगणारे तीस हजारांच्या आसपास आहेत. टोकेलाऊवर सुमारे दीड हजार, न्यूझीलंडमध्ये आठ हजारांहून अधिक. वालिस व फुतुनामध्ये २०१८ च्या जनगणनेत ११,५५८ लोक होते. न्यू कॅलिडोनियात राहणारे या बेटांचे लोक त्याच्या जवळजवळ दुप्पट आहेत. घटती लोकसंख्या पाहून ‘समाज नष्ट होत आहे’ असे लिहिण्याआधी हे आकडे शेजारी ठेवावेत, कारण पैसा, लग्ने, सण आणि घरबांधणी यांचा व्यवहार दोन्ही ठिकाणच्या कुटुंबांत अखंड चालतो. मात्र या दोन लोकसंख्यांची बेरीजही करू नये. निर्णयाचा अधिकार अनेकदा बेटावर राहणाऱ्यांकडेच असतो. टोकेलाऊने न्यूझीलंडशी मुक्त सहयोगाचे नाते स्वीकारावे का, यावर २००६ आणि २००७ मध्ये सार्वमत झाले आणि त्यात बेटांवरील रहिवाशांनीच मतदान केले. दुसऱ्या खेपेस ६९२ पैकी ४४६ मते बाजूने पडली. दोन तृतीयांशाची अट पूर्ण होण्यास सोळा मते कमी पडली आणि टोकेलाऊचा दर्जा होता तसाच राहिला.