गर्दीच्या जलाशयावर मरळ आणि शिवडा: गळ टाकणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

गोसीखुर्द धरणाचा फुगवटा वैनगंगेच्या पात्रातून वर आंभोऱ्याच्या संगमापर्यंत पसरलेला आहे. आंभोऱ्याला नवा पूल झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी नागपूर आणि भंडाऱ्याकडून येणाऱ्यांची तिथे मोठी वर्दळ असते. अशा पाण्यावर ‘आता इथे मासाच उरला नाही’ ही तक्रार हमखास ऐकू येते. सततच्या मासेमारीने मासा कमी होतो यात शंका नाही. परंतु जो उरतो तो आपली वेळ, जागा आणि खाण्याची रीत बदलतो, आणि गळ टाकणारा मात्र वर्षानुवर्षे तीच वेळ, तोच काठ आणि तेच आमिष धरून बसतो. बदल आपल्याला करायचा आहे; मरळ आणि शिवडा या शिकारी माशांसाठी तो कसा करावा एवढ्यापुरतेच हे लिखाण आहे.

आरंभी परवानगीविषयी. जलाशयातील मासेमारीचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिला विचारल्याशिवाय गळ टाकू नये आणि तिने ठरवलेला बंद काळ पाळावा.

मासा शिकतो, ही गोष्ट प्रयोगांनी सिद्ध झालेली आहे. ब्यूकेमा या डच संशोधकाने १९७० मध्ये पाईक या शिकारी माशावरील प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत चकाकत्या कृत्रिम आमिषाला एकदा अडकलेला पाईक पुढे त्या आमिषाला टाळू लागल्याचे दिसले, तर नैसर्गिक आमिषाच्या बाबतीत तसा परिणाम आढळला नाही. पाईक हा उत्तर अमेरिकेतील मस्की या मोठ्या शिकारी माशाचा सख्खा भाऊबंद. मस्कीच्या गाजलेल्या तळ्यांवरही जाणकार मंडळी गर्दीचा वनस्पतींचा काठ सोडून उघड्या खोल पाण्याकडे किंवा रात्रीच्या वेळेकडे वळतात, आणि आमिष नावेजवळ आल्यावर ते लगेच उचलून न घेता पाण्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवतात, कारण मस्की पुष्कळदा आमिषाच्या मागोमाग नावेपर्यंत येतो. आपल्याकडे मरळीसाठी जो तो रबरी बेडूकच (बेडकाच्या आकाराचे कृत्रिम आमिष) फेकतो. ज्या जागी दर रविवारी असे बेडूक पडतात तिथे गांडूळ किंवा लहान मेलेली मासोळी लावून, बारीक तंगुसावर (गळाच्या दोरीवर), आमिष जवळजवळ न हलवता ठेवावे. बेडूकच वापरायचा असेल तर तो आकाराने लहान घ्यावा आणि दोन हालचालींमध्ये पुरेसा थांबा द्यावा.

माझ्या मते आमिषापेक्षा वेळेला अधिक महत्त्व आहे. शिवडा मुळातच रात्री आणि संधिप्रकाशात शिकार करणारा मासा असल्यामुळे सकाळी अकरा वाजता पुलाखाली त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. आठवड्याच्या मधले दिवस निवडावेत आणि तांबडे फुटण्यापूर्वी काठावर पोहोचावे. मरळीच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, त्यामुळे कितीही सावध झालेली मरळ आपली जागा पूर्णपणे लपवू शकत नाही. म्हणून पोहोचताच गळ फेकण्याची घाई करू नये. अर्धा तास स्वस्थ बसून पाणी पाहावे, कुठे हलकासा उसळा येतो, कुठे बुडबुडे उठतात, तीच मरळ पुन्हा कुठल्या बाजूला वर येते, हे मनात टिपावे. नंतर गळ थेट त्या ठिकाणी न टाकता पलीकडे टाकावा आणि हळूहळू तिच्या वाटेवर आणावा. या निरीक्षणाचा कंटाळा करणाऱ्याला गर्दीच्या पाण्यावर यश क्वचितच मिळते.

जागेच्या बाबतीत धरणाचा जलाशय तलावाहून वेगळा असतो, कारण त्याच्या तळाशी कोणाची तरी शेती आणि गावे आहेत. बुडालेल्या बांध्यांचे धुरे (शेताचे बांध), जुन्या बैलगाडीच्या वाटा, नाल्यांची पात्रे, आमराईचे खुंट यांच्या आधाराने मासा फिरतो. पुनर्वसन झालेल्या गावांतील वडीलधाऱ्यांना आदराने विचारावे. नाला कुठून वळत होता आणि धुऱ्यावर कुठे बाभळी होत्या, हे त्यांच्या तोंडून जितके नेमके कळते तितके कुठल्याही नकाशावरून कळत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा उघड्या पडलेल्या काठावरून चालत जाऊन खुणा लिहून ठेवाव्यात, म्हणजे पाणी भरल्यावर त्या उपयोगी पडतात. मात्र बुडीत क्षेत्रात जुन्या विहिरीही असतात, म्हणून अनोळखी पाण्यात पायी उतरू नये, आणि नावेत बसताना जीवरक्षक जॅकेट घालावेच.

आवाजाचा विचार फार थोडे लोक करतात. शिवडा, रोहू, कतला या माशांमध्ये पोटातील हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना पाण्यातील आवाज चांगला ऐकू येतो. डोंग्याच्या तळावर आपटलेले वल्हे, काठावर वाजणारे गाणे, धावणारी पावले, हे सारे पाण्याखाली पोहोचते. ज्या भागात दिवसभर गोंगाट असतो तिथून अर्धा-एक किलोमीटर चालत गेल्याने जो फरक पडतो तो महागड्या काठीने पडत नाही.

ढिवर बांधवांची जाळी जिथे लागलेली असतील तिथून दूर राहावे. आपला गळ त्यांच्या जाळ्यात अडकला तर दुरुस्तीचा खर्च आणि बुडालेला दिवस त्यांच्या पदरी पडतो. हे पाणी त्यांची रोजी आहे, आपल्यासाठी ती सुट्टी आहे, आणि जागा सोडण्याची वेळ आली तर ती आपणच सोडावी.

गर्दीच्या पाण्यावरील ताणात आपलाही वाटा असतो, म्हणून तो कमी करणेही याच कामाचा भाग आहे. पावसाळ्यात मरळीच्या लालसर पिल्लांचा थवा पृष्ठभागावर फिरताना दिसतो आणि आईबाप त्याच्या खाली राखण करतात. त्या थव्यावर बेडूक फेकला की पालक मासा चिडून झेपावतो, आणि नेमके म्हणूनच ही रीत सर्रास वापरली जाते. ती पूर्णपणे सोडून द्यावी, कारण राखणदार गेला की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. शिवडा तर २०१९ पासून जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेला आहे, तेव्हा मोठा शिवडा लागल्यास तो सोडून देणेच उचित. गळाच्या काट्याची टोकाजवळची उलटी अडी पकडीने दाबून काटा आधीच बिनअडीचा करावा, हात ओले करावेत, माशाला पोटाखाली आधार द्यावा आणि फोटोसाठी त्याला तापलेल्या खडकावर ठेवू नये. मे महिन्याच्या उन्हात काटा शक्यतो पाण्यातच काढावा, मासा हातात सरळ धरून तो स्वतःहून जोर करेपर्यंत थांबावे आणि मगच सोडावा.