रिसेट टोकन डेटाबेसात उघडं ठेवू नका

मागच्या पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या आणि मी रात्रभर अंधेरीच्या ऑफिसात अडकले. हाताशी एका क्लायंटचा कोड होता, तोच तपासायला घेतला. पासवर्ड बीक्रिप्टने नीट हॅश केलेले (म्हणजे मूळ मजकूर परत काढता येणार नाही अशा रूपात बदललेले), पण शेजारच्याच टेबलात पासवर्ड रिसेटची टोकनं, म्हणजे "पासवर्ड विसरलात?" मेलच्या लिंकमधले गुप्त कोड, सरळ वाचता येत होती. आणि त्या डेटाबेसचा बॅकअप टेस्टिंगसाठी चार लॅपटॉपवर फिरत होता! मुदत न संपलेलं एखादं टोकन उचलून लिंकला जोडलं की खातं हातात. पासवर्ड फोडायची गरजच नाही.

टोकन बनवायला जावास्क्रिप्टचं मॅथ-रँडम किंवा पीएचपीचं युनिकआयडी नको, त्यांचा अंदाज बांधता येतो. पायथनच्या सीक्रेट्स मॉड्यूलमधून 32 बाइटचं यूआरएलसेफ टोकन घ्या. 43 अक्षरं मिळतात. पीएचपीत रँडम-बाइट्स आहे. टोकन युजरला मेल करा आणि डेटाबेसात फक्त त्याचा एसएचए-256 हॅश ठेवा.

"इथेही बीक्रिप्टच का नको?" टीममधली नवी मुलं हमखास विचारतात. माणसाने निवडलेला पासवर्ड ओळखता येण्यासारखा असतो, म्हणून तिथे मुद्दाम संथ हॅश लागतो. 256 बिटांचं रँडम टोकन कुणी ओळखू शकत नाही, त्यामुळे वेगवान हॅश चालतो, सॉल्टही (हॅशआधी मिसळायचा रँडम मजकूर) लागत नाही. शिवाय एका टोकनाचा हॅश दर वेळी तोच येतो, त्यामुळे इंडेक्स लावून थेट शोधता येतो.

सहा आकडी ओटीपीला मात्र हे अजिबात लावू नका. शक्यता जेमतेम 10 लाख. साधा लॅपटॉपही सगळे हॅश बघता बघता काढतो. तिथे एचमॅक (गुप्त की मिसळून काढलेला हॅश) वापरा, त्याची की डेटाबेसाबाहेर ठेवा आणि चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा घाला.

पडताळताना आलेल्या टोकनाचा हॅश काढून तोच शोधा. कोडमध्ये दोन हॅश ताडून बघायचे असतील तर दोन बरोबरच्या चिन्हांवर (==) विसंबू नका, तुलनेला लागलेल्या वेळेवरून माहिती फुटू शकते. पायथनमध्ये कम्पेअर-डायजेस्ट, पीएचपीत हॅश-इक्वल्स आहे. नोडचं टायमिंग-सेफ-इक्वल लांबी वेगळी असली की एरर फेकतं, ती सांभाळा.

"वापरलं नसेल आणि मुदत असेल तरच वापरलं म्हणून नोंदव" हे एकाच अपडेट क्वेरीत करा आणि नेमकी एक ओळ बदलली का ते बघा. ही नोंद लिंक उघडताच नको, नवा पासवर्ड सबमिट झाल्यावर करा. काही कंपन्यांचे मेल स्कॅनर लिंका आधीच उघडून बघतात, आणि बिचाऱ्या युजरला "लिंक संपली" दिसतं.

त्या क्लायंटच्या सर्व्हर लॉगमध्येही टोकनासकट पूर्ण यूआरएल सापडले. लॉगमधून टोकन गाळलं, जुनी सगळी टोकनं पहाटे रद्द केली आणि पहिल्या गाडीने घरी गेले.