विकणाऱ्याला विक्री कळते का, ते आधी बघा

मी गोव्यातल्या फोंड्यात विक्रीखतं तयार करायचं काम करते. जुनं घर किंवा बागायत घ्यायला आलेले लोक फॉर्म एक-चौदा म्हणजे जमिनीचा उतारा, बोजा नसल्याचा दाखला सगळं बारकाईने बघतात. विकणाऱ्याला मात्र सहीच्या दिवशीच पहिल्यांदा भेटतात. मालक ऐंशीच्या घरातले असतील तर असं करू नका.

टोकन देण्याआधी त्यांच्या घरी जा. मुलाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगा. आजोबा कोकणी बोलत असतील तर कोकणीतच विचारा: कोणती जमीन विकताय, पैसे किती, कुणाच्या खात्यात जाणार, नंतर राहणार कुठे? हो-नाहीवर भागेल असा प्रश्न नको. प्रत्येक वेळी "ते पोराला विचारा" एवढंच आलं, तर थांबा. सकाळी गेला असाल तर पुढच्या खेपेला संध्याकाळी जा. स्मृतिभ्रंश असलेली माणसं बऱ्याचदा दिवेलागणीला जास्त गोंधळतात. नावं विसरणं, कमी ऐकू येणं, हात थरथरणं याने मात्र कुणी अपात्र ठरत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 12 बघतं ते एवढंच: करार करताना तो समजतो का, आणि आपलं हित-अहित ठरवता येतं का.

गोव्यात आजीलाही भेटावं लागतं. लग्नाआधी वेगळा करार झाला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून उताऱ्यावर एकट्या आजोबांचं नाव असलं तरी तिची संमती हवीच. आजोबा ठणठणीत, आणि आतल्या खोलीत खाटेवर पोटच्या मुलालाही न ओळखणारी आजी. तिचा हात धरून कुणीतरी अंगठा उठवतं. तो अंगठा घेऊ नका. त्यावर घेतलेली जमीन टिकत नाही, आणि त्या बाईवर अन्याय होतो तो वेगळाच.

"माझ्याकडे मुखत्यारपत्र आहे" असं मुलगा म्हणेल. ज्याने ते दिलं त्याचं भान गेलं की तो अधिकार संपतो, त्याच करार कायद्याचं कलम 201. नोंदणी झाली म्हणजे दस्त पक्का, हाही गैरसमज.

थोडी शंका असेल तर मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला घ्या, सहीच्या दिवसाजवळचा आणि याच व्यवहाराचा उल्लेख असलेला. "प्रकृती ठीक" एवढंच लिहिलेला कागद कोर्टात फारसा उपयोगी पडत नाही. भान गेलेलंच असेल तर घरच्यांनी कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा आणि विक्रीची परवानगी काढावी. त्याला वेळ लागतो. परवानगीचा आदेश स्वतः वाचल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.